देवाचं प्रेम आणि कृपा: रोजच्या ख्रिस्ती जीवनात पडणारे प्रश्न

बायबल अभ्यासाच्या गटात, उपासना सुटल्यावर बाहेर बोलत उभं असताना, रात्री उशिरा आलेल्या एखाद्या मेसेजमध्ये फिरून फिरून हेच प्रश्न येतात. शब्द बदलतात, काळजी तीच असते. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जिथे एकमत नाही तिथे तसं लिहिलं आहे. बाकी ठिकाणी माझं मत आलंच तर ते ओळखू येईल.

"देव तुमच्यावर प्रेम करतो" हे लहानपणापासून ऐकतोय. आता ते कानावरून जातं, आत काही हलत नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. रोज ऐकलेल्या वाक्याचं असंच होतं. बायबलचे लेखक मात्र देवाच्या प्रेमाबद्दल बोलताना भावनेपेक्षा घडलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतात. पौल रोमकरांस पत्रात (5:8) लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. सुधारल्यावर नाही. सुधारू असं कबूल केल्यावरही नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातही (4:10) क्रम तोच आहे: आपण देवावर प्रेम केलं म्हणून नव्हे, त्याने आपल्यावर आधी केलं.

म्हणून मन कोरडं असेल तेव्हा ते पिळून ओलावा काढायच्या भानगडीत पडू नका. एखादा प्रसंग सावकाश वाचा. लूक 15 मधला उधळ्या पुत्र सगळ्यांना पाठ आहे, पण 19 आणि 21 ही दोन वचनं शेजारी ठेवून पाहा. डुकरं राखताना त्याने बापाला सांगायचं सगळं मनात जुळवून ठेवलंय: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. घरी पोचतो तर बाप धावत येतो, गळ्यात पडतो, मुके घेतो. मुलगा ठरलेलं बोलायला लागतो. पहिल्या दोन गोष्टी बोलून होतात. तिसरी तोंडातून निघतच नाही, कारण बापाने तोवर चाकरांना उत्तम झगा आणायला पिटाळलेलं असतं.

कृपेबद्दलचा आपला बहुतेक घोळ मला त्या न बोललेल्या वाक्यात दिसतो. आपण घरी येतो खरे, पण मजूर म्हणून राहायचा करार खिशात घेऊन येतो.

कृपा म्हणजे नेमकं काय? थोडक्यात सांगा.

लायकी नसलेल्याला देवाने आपणहून दिलेलं दान, ज्याची किंमत त्याने स्वतः सोसली. इफिसकरांस पत्रातली 2:8-9 ही वचनं बहुतेकांना ठाऊक असतात: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांमुळे नाही, म्हणजे कोणाला बढाई मारायला जागा नको. पुढचं दहावं वचन मात्र फार वेळा गळतं. त्यात म्हटलंय की सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला ख्रिस्तात निर्माण केलंय. चांगलं वागणं आहेच, फक्त ते कृपेच्या मागून येतं.

ही गोष्ट माणसाला रुचत नाही हे येशूला पक्कं ठाऊक होतं. मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाच वेळा माणसं कामाला लावतो आणि शेवटी सगळ्यांना एकेक दीनार, म्हणजे एका दिवसाची मजुरी, देतो. आधी आलेल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं तर कुरबुर झालीच नसती. पण धनी मुद्दाम उलट्या क्रमाने वाटतो. दिवसभर उन्हात राबलेल्यांना तासाभराच्या मजुराच्या हातावर पूर्ण दीनार पडताना बघत उभं राहावं लागतं. गोष्ट वाचून तुम्हालाही जरा अन्याय झाल्यासारखं वाटलं असेल, तर गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली.

सगळं फुकटच आहे तर मग चांगलं वागायचं कशाला?

हा प्रश्न पौलालाही विचारत असत. रोमकरांस 6 ची सुरुवातच त्याने होते: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का? पौलाचं उत्तर स्वच्छ आहे, मुळीच नाही. तीताला लिहिलेल्या पत्रात (2:11-12) तर कृपाच आपल्याला अभक्ती सोडायला शिकवते असं म्हटलंय.

जक्कयाचा प्रसंग (लूक 19) पाहा. तो मुख्य जकातदार, लोकांचं लुबाडून श्रीमंत झालेला. येशू झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. एकही अट घातलेली नाही. लोक कुरकुरतात. मग जक्कय उभा राहून आपणहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. हिशेब करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. येशूने आधी चौपट मागितलं असतं तर जक्कयाने बहुधा घासाघीस केली असती, जन्मभर तोच धंदा केला होता त्याने.

आता कृपा मिळाली म्हणतो आणि लुबाडणं तसंच चालू ठेवतो, अशा माणसाचं काय? याकोबाचं पत्र अशाच माणसाला उद्देशून आहे. कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे, असं ते सरळ सांगतं.

मी दारू, जुगार, लफडी असल्या वाटेला कधी गेलो नाही. मंडळीत देवाने आयुष्यात काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली की सांगण्यासारखं काही नसतं. मला कृपा कमी मिळालीय का?

तुमच्यासाठी उधळ्या पुत्राच्या त्याच गोष्टीत (लूक 15) थोरला भाऊ आहे, आणि मला वाटतं गोष्टीचा रोख त्याच्याकडेच आहे. अध्यायाच्या दुसऱ्या वचनात परूशी आणि शास्त्री, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे धर्मपुढारी, कुरकुर करतात, आणि गोष्टी त्यांच्यापुढे सांगितल्या जातात.

थोरला शेतावरून येतो. गाणं-नाचणं ऐकून आत जात नाही, एका चाकराला बोलावून चौकशी करतो. आपल्याच घरातली बातमी चाकराकडून. मग बापाला ऐकवतो: इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमचा शब्द कधी मोडला नाही, पण मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत. भावाला तो भाऊ म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. बाप उत्तरात तेवढं हळूच दुरुस्त करतो: "हा तुझा भाऊ".

बाराव्या वचनात एक बारकावा आहे. धाकट्याने वाटा मागितला तेव्हा बापाने मालमत्ता दोघांनाही वाटून दिली. म्हणजे थोरल्याचा वाटा तेव्हाच ठरला होता. जे त्याचंच होतं त्यातलं करडू तो मागत होता आणि मिळालं नाही म्हणून मनात धुमसत होता. धाकट्याने मजूर होण्याची तयारी केली. थोरला घरात राहून केव्हाच मजूर होऊन बसला होता.

बाप दोघांसाठीही घराबाहेर येतो. थोरला आत गेला की नाही हे येशू सांगत नाही, गोष्ट अंगणातच थांबते.

तेव्हा सांगण्यासारखं काही नाही असं समजू नका. "मी बरोबर वागत गेलो आणि त्याचं बिल देवाच्या नावावर फाडत राहिलो" हीसुद्धा साक्ष आहे. मंडळीत ती फारशी ऐकू येत नाही, पण दिली तर निम्मी मंडळी माना डोलावेल.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. दर वेळी "हे शेवटचं" म्हणतो. देव कंटाळत नसेल का?

भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्राने विचारलं तेव्हा येशूने साताच्या सत्तरपट सांगितलं. स्वतः देव त्याहून कमी करेल असं मानायला काही कारण नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातलं आश्वासन (1:9) विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे, म्हणजे विश्वासणारे पाप करतील हे गृहीत धरूनच.

पेत्राचंच पुढे काय झालं बघा. अटकेच्या रात्री महायाजकाच्या वाड्यात थंडी होती, चाकरांनी कोळशांचा विस्तव केला होता. तिथे शेकत उभा असलेला पेत्र "मी त्याला ओळखत नाही" म्हणाला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर न्याहारी करतो, तिथेही पुन्हा कोळशांचाच विस्तव. तीन नकारांसाठी तीन वेळा विचारणा: तू माझ्यावर प्रेम करतोस का? आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवलं जातं, माझी मेंढरं चार. येशू ती रात्र झाकून टाकत नाही. पेत्राला त्याच विस्तवाशी परत आणतो, आणि तिथून मेंढपाळ करून उठवतो.

बदल मात्र नेहमी झटपट होतो असं नाही. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी 1748 साली समुद्रात वादळात सापडला आणि देवाकडे वळला. त्यानंतरही तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. 1754 मध्ये तब्येतीमुळे समुद्र सोडला, 1764 मध्ये पाळक झाला, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पुस्तिका काढली ती 1788 साली. वादळापासून चाळीस वर्षं. हे उदाहरण "देव सांभाळून घेतो" एवढ्यावर सोडून देणं मला पटत नाही. त्याच्या डोळ्यांवरची झापड उतरायला जो वेळ लागला त्याची किंमत जहाजाच्या तळाशी साखळदंडात बांधलेल्यांनी मोजली. देवाचा धीर मोठा आहे, पण आपल्या दिरंगाईने कोणीतरी दुसरा भरडला जातो.

व्यवहारात काय करायचं? कबुली मोघम देऊ नका. "प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर" एवढ्याने आपण स्वतःलाही निसटू देतो. काय केलं ते नाव घेऊन सांगा. विश्वासातल्या एका माणसाला सांगा, याकोब 5:16 तेच म्हणतं. व्यसन असेल तर डॉक्टर आणि समुपदेशक यांची मदत घ्या. ती घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही.

देवाने क्षमा केली तर परिणामही टळतात का? "पेराल ते उगवेल" हे बायबलमध्येही आहेच ना?

आहे, गलतीकरांस 6:7. आणि टळतातच असं नाही. दावीदाने बथशेबाच्या बाबतीत पाप केलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं तेव्हा दावीद म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. क्षमेचा शब्द त्याच वचनात येतो (2 शमुवेल 12:13), मधे एका दिवसाचंही अंतर नाही. पण घरातली तलवार पुढे कित्येक अध्याय थांबत नाही.

कोणी ऑफिसचे पैसे खाल्ले आणि मनापासून पश्चात्ताप केला, तर देवाशी नातं सावरतं. पैसे परत करायचेच आहेत. नोकरी जाऊ शकते, खटलाही उभा राहू शकतो. "देवाने मला माफ केलंय, तुम्ही कोण विचारणारे?" हे वाक्य कृपा कळलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही.

जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, असं का?

ही समजूत जुनी आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने दोन वेगळे देव आहेत असंच शिकवलं आणि मंडळीने ते नाकारलं. निर्गम 34:6 मध्ये देव स्वतःचं वर्णन दयाळू, कृपाळू, मंदक्रोध असं करतो, आणि कधी? लोकांनी सोन्याचं वासरू केल्याला फार दिवस लोटलेले नसताना. योना संदेष्ट्याची तर तक्रारच ही आहे की तू कृपाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो (योना 4:2). शत्रूच्या शहराला माफी मिळाली म्हणून तो रुसून बसला. उलट नव्या करारात सर्वात कडक इशारे येशूच्याच तोंडी आहेत.

आजारपण, नोकरी जाणं, मूल न होणं: देव रागावलाय का?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय खोडले (योहान 9:3). शिलोहचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा अधिक पापी होते का, या प्रश्नालाही त्याचं उत्तर नाही असंच आहे (लूक 13). पौलाने देहातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवलं. काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. तो काटा नेमका काय होता यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. पौलाने सांगितलं नाही ते बरंच झालं, त्यामुळे प्रत्येकाला आपला काटा तिथे ठेवता येतो.

एक विनंती: दुःखातल्या माणसाला कारण सांगायला जाऊ नका. संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर ठीक होते.

मला देवाचं प्रेम जाणवतच नाही. उठावंसं वाटत नाही, प्रार्थना करवत नाही.

एलीया संदेष्ट्याची हीच गत झाली होती (1 राजे 19). कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर तो रानात एका झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला विश्वासाबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं, उठ आणि खा म्हटलं. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. प्रश्नोत्तरं त्यानंतर, चाळीस दिवसांनी.

झोप, जेवण, औषध हेसुद्धा कृपेचेच मार्ग आहेत. ही अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली किंवा जगणं नको वाटू लागलं, तर आजच कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. स्तोत्र 88 अंधारातच संपतं आणि तरीही ते बायबलमध्ये आहे, म्हणजे असं बोलणाऱ्यालाही देवापुढे जागा आहे.

ज्याने मला खोलवर दुखावलं त्याला क्षमा कशी करू?

मत्तय 18 मधल्या निर्दय चाकराचं कर्ज दहा हजार तालांत होतं. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी, हजारो जन्मांतही न फिटणारी. त्याच्या सोबत्याने त्याला द्यायचे होते शंभर दीनार. इथे प्रवचनात बऱ्याचदा "क्षुल्लक रक्कम" म्हटलं जातं. मला ते पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून अधिकची कमाई, ती बुडाली तर माणूस कळवळणारच. तुमची जखम किरकोळ आहे असं येशू म्हणत नाही. तिच्याशेजारी आपल्याला सुटलेलं कर्ज ठेवून बघा म्हणतो.

क्षमा म्हणजे सूड सोडणं. विश्वास लगेच पूर्ववत होणं ही वेगळी गोष्ट, त्याला वेळ आणि समोरच्याचं बदललेलं वागणं लागतं. घरात मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर तिथून निघणं, पोलिसांत जाणं, मुलांना सुरक्षित ठेवणं यांतलं काहीही क्षमेच्या आड येत नाही. "क्षमा कर आणि परत जा" असा सल्ला अशा माणसाला कोणी पाळक देत असेल, तर तो चूक आहे.

घरी आणि कामावर कृपेने वागायचं म्हणजे काय?

सहकाऱ्याची चूक सापडली, पुरावा म्हणून सगळे ईमेल तुमच्याकडे आहेत, "सर्वांना उत्तर द्या" वर बोट टेकलंय. तिथे थांबून त्याला आधी एकट्याला फोन करणं. मुलावर विनाकारण ओरडलात तर "माझं चुकलं" असं त्याच्या डोळ्यांत बघून म्हणणं, पुढे "पण तू पण" न जोडता. नवरा-बायकोच्या भांडणात मागच्या वर्षीची फाइल न उघडणं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात प्रीती अपकाराचा हिशेब ठेवत नाही असं आहे. लग्नात ते वचन वाचतात, खरं तर ते लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला वाचायला हवं.

सगळ्या मंडळ्या कृपेबद्दल एकच शिकवतात का?

मुळाशी बरंच एक, तपशिलात फरक. पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या शिक्षकाने माणूस स्वतःच्या प्रयत्नाने पापाशिवाय जगू शकतो असं मांडलं. ऑगस्टीनने त्याला जोरदार विरोध केला आणि 418 सालच्या कार्थेज परिषदेने ते शिक्षण नाकारलं. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरपासून सुरू झालेल्या वादाच्या केंद्रस्थानी हाच विषय होता: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशाने? 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी नीतिमान ठरण्याबद्दल संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केलं. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 मध्ये त्यात सामील झाल्या. सगळे फरक मिटलेले नाहीत.

मिळालेलं तारण गमावता येतं का, यावर आजही मतभेद आहेत. कॅल्व्हिनच्या (रिफॉर्म्ड) परंपरेत नाही म्हणतात, वेस्लीच्या (मेथडिस्ट) परंपरेत माणूस पाठ फिरवू शकतो असं मानतात. हा प्रश्न भीतीपोटी पडला असेल तर वाद बाजूला ठेवून रोमकरांस 8 ची शेवटची पाच वचनं वाचा.

एखाद्या दिवशी प्रार्थना, बायबल वाचन राहिलं तर?

राहिलं. उद्या करा. देवाकडे हजेरीपट नाही.

प्रार्थनेला बसलो की शब्दच सुचत नाहीत. काय म्हणू?

लूक 18 मधला जकातदार एकच वाक्य बोलला: हे देवा, मज पाप्यावर दया कर. परूशाची प्रार्थना त्याहून लांब होती, उपास आणि दशांशाची यादी होती तिच्यात, आणि येशूच्या मते नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. शब्द उसने घेतले तरी चालतात, स्तोत्रसंहिता त्यासाठीच हाताशी आहे. मन भरून आलं असेल तेव्हा स्तोत्र 103, पापाची बोच असेल तेव्हा 51, काहीच उमगत नसेल तेव्हा 130. हे शेवटचं आठच वचनांचं आहे, मोठ्याने वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत.